दहावीचा इंग्रजीचा पेपर आणि मराठीतून आलेला विद्यार्थी

गोव्याच्या ग्रामीण भागात, विशेषतः सत्तरी, पेडणे, डिचोली, सांगे व काणकोण या तालुक्यांत, मूल बहुधा चौथीपर्यंत मराठीतून किंवा कोकणीतून शिकते. पाचवीत प्रवेश घेताच त्याच्या हाती जी पाठ्यपुस्तके पडतात, ती बहुतेक सर्व इंग्रजीत असतात. तोवर इंग्रजी हा त्याच्या दृष्टीने एक विषय असतो. त्यानंतर ती सर्व विषयांची भाषा होते. हा उंबरठा ओलांडताना मूल अडखळले, तर ते अडखळणे त्या वर्षी कोणाच्या फारसे नजरेस येत नाही. पाठांतराच्या बळावर ते सातवी-आठवीपर्यंत पुढे सरकत राहते. दहावीच्या वर्षी मात्र गोवा माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाची प्रश्नपत्रिका समोर येते. तिच्यातील उतारा वर्गात कधीही न शिकविलेला असतो. पाठांतराचा आधार सुटतो तो येथे.

हा प्रश्न एका पेपरापुरता नाही, हे पालकांनी आणि शाळांच्या व्यवस्थापनांनी ध्यानी घेतले पाहिजे. माध्यमच इंग्रजी असल्यामुळे विज्ञानाचा वा समाजशास्त्राचा प्रश्न वाचूनही ज्याला नेमके काय विचारले आहे ते उमगत नाही, त्याचे गुण त्या विषयांतही कमी होतात. घरच्या बागायतीतील पाण्याचे पाट ज्याने लहानपणापासून पाहिले, त्या मुलाला सिंचनाविषयी सांगता येत नाही असे नाही. लिहिता येत नाही. कळते ते लिहिता न आल्यामुळे हुशार मुलाला मंद ठरविले जाते आणि कालांतराने ते मूल स्वतःही तसे समजू लागते. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील मराठी शाळांच्या मुलांना कन्नडचाही अभ्यास करावा लागतो. त्यांची अडचण थोडी वेगळी असली तरी इंग्रजीपुरती तिची जात हीच आहे.

या मुलांच्या चुका अज्ञानातून होतात असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाही. त्यांच्या बऱ्याचशा चुका नियमबद्ध असतात आणि तो नियम मराठीचा असतो. मूल मनात मराठी वाक्य रचते आणि त्यातील शब्द एकेक करून इंग्रजीत उतरविते. शिक्षकाने ही वाट ओळखली, तर शंभर चुका सुधारण्याऐवजी पाच-सहा ठिकाणी पाटी लावून काम भागते.

मराठीची वाट, इंग्रजीची वाट

सर्वांत अधिक गुण जेथे जातात ते स्थान भूतकाळाचे होय. ‘मी काल म्हापशाला गेलो होतो’ हे वाक्य मराठीत अगदी स्वाभाविक आहे. मूल त्याचे ‘आय हॅड गॉन टु म्हापसा यस्टरडे’ असे करते. त्याच्या मते ‘होतो’ला ‘हॅड’ हाच शब्द आहे. इंग्रजीला येथे ‘आय वेंट’ एवढेच हवे असते. इंग्रजीत ‘हॅड’ची रचना दोन गत घटनांपैकी आधीची कोणती, हे दाखविण्यासाठी येते. ‘मी थांब्यावर पोहोचलो तेव्हा बस सुटली होती’ या वाक्यात ती शोभते, कारण बस सुटणे आधीचे आणि पोहोचणे नंतरचे. शिक्षकाने फळ्यावर एक आडवी रेघ ओढावी, तिच्यावर बस सुटल्याची खूण आधी करावी, मुलगा पोहोचल्याची नंतर. आणि सांगावे की, खुणा दोन असतील तरच ‘हॅड’. एकच खूण असेल तर साधा भूतकाळ. व्याकरणाच्या पुस्तकातील पानभर व्याख्येपेक्षा ही रेघ अधिक उपयोगी पडते.

दुसरे स्थान ‘पासून’ या शब्दाचे. ‘सोमवारपासून’ आणि ‘दोन तासांपासून’ या दोन्ही ठिकाणी मराठीला एकच शब्द पुरतो. इंग्रजी मात्र आरंभाचा क्षण सांगायचा असेल तर ‘सिन्स’ आणि काळाची लांबी सांगायची असेल तर ‘फॉर’ घेते. शिवाय ‘आम्ही पाच वर्षांपासून वाळपईला राहतो’ यातील ‘राहतो’ हे मराठीत वर्तमानकाळी असले, तरी इंग्रजीत तेथे ‘हॅव बीन लिव्हिंग’ म्हणावे लागते. ‘वुई लिव्ह सिन्स फाइव्ह इयर्स’ या वाक्यात अशा रीतीने दोन चुका एकाच वेळी घडतात आणि दोहोंचेही मूळ मराठीत असते.

प्रश्नार्थक वाक्य हे तिसरे. मराठीत ‘का’ हा शब्द वाक्यात ठेवला की प्रश्न तयार होतो, क्रियापदाला धक्का लागत नाही. इंग्रजीत ‘डू’, ‘डज’, ‘डिड’ यांपैकी एक मदतनीस बोलवावा लागतो आणि तो आला की भूतकाळाचे किंवा एकवचनाचे ओझे तोच उचलतो. मुख्य क्रियापद मोकळे होते. म्हणून ‘डिड ही सेल’ बरोबर, ‘डिड ही सोल्ड’ चूक. परीक्षेत याचा संबंध उताऱ्यावरील उत्तरांशी येतो. ‘व्हाय डिड द फार्मर सेल हिज बुलक्स?’ असा प्रश्न असेल तर उत्तराचा पूर्वार्ध प्रश्नातच दडलेला असतो. मात्र मदतनीस निघून गेल्यावर त्याचे ओझे मुख्य क्रियापदाने परत घ्यायचे असते. ‘द फार्मर सोल्ड हिज बुलक्स बिकॉज’ इतके लिहून झाले की पुढचे कारण उताऱ्यातून उचलावे. प्रश्नाचे असे उत्तरात रूपांतर करण्याचा सराव रोज पाच वाक्यांचा झाला, तरी दोन-तीन महिन्यांत हात बसतो. मौखिक करवून घेतल्यास त्याला वहीही लागत नाही.

आदरार्थी बहुवचनाची चूक मोठी मनोज्ञ आहे. ‘वडील आले आहेत’ असे म्हणणारे मूल ‘माय फादर हॅव कम’ लिहिते, कारण ‘हॅज’ लिहिले तर वडिलांचा एकेरी उल्लेख झाल्यासारखे त्यास वाटते. असे लिहिणाऱ्याला रागे भरू नये. इंग्रजीत वडील, सरपंच आणि राष्ट्रपती या सर्वांना एकवचनच लागते, त्यात अनादर नाही, एवढे सांगितले की मूल हसते आणि पुन्हा चुकत नाही. तिसऱ्या पुरुषी एकवचनातील क्रियापदाला लागणारा ‘एस’ही याच वेळी शिकवून घ्यावा.

शब्दयोगी अव्ययांचा गोंधळ लवकर मिटणारा नाही. ‘त्याच्यावर रागावला’ यात मराठीला ‘वर’ लागतो, इंग्रजीला ‘विथ’. ‘त्याच्यावर विश्वास’ म्हणताना मराठीला तोच ‘वर’ पुरतो, इंग्रजीला ‘इन’ हवा. उलट ‘पाण्याच्या प्रश्नाबद्दल चर्चा केली’ असे लिहिताना ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ नको, ‘तिच्याशी लग्न केले’ याच्या भाषांतरात ‘मॅरी’पुढे ‘विथ’ नको. येथे नियम सांगत बसण्यात अर्थ नाही. शब्द आणि त्याचा सोबती ही जोडी एकदम पाठ व्हावी हेच बरे. पाठांतराची निंदा करणाऱ्यांनी एवढी जागा तरी त्याला मोकळी सोडावी.

उपपदांच्या बाबतीत मात्र देवनागरी लिपी मुलाच्या मदतीला धावून येते, आणि याचा उपयोग शाळांतून फारसा केला जात नाही. ‘अ’ की ‘ॲन’ हे इंग्रजीत अक्षरावरून ठरत नाही, उच्चारावरून ठरते. शब्द देवनागरीत लिहून पाहावा. पहिले अक्षर स्वर निघाले तर ‘ॲन’, व्यंजन निघाले तर ‘अ’. ‘अवर’ म्हणजे तास, हा शब्द इंग्रजीत ‘एच’ने सुरू होतो, पण देवनागरीत ‘अ’ने, म्हणून ‘ॲन अवर’. ‘युनिव्हर्सिटी’ इंग्रजीत ‘यू’ या स्वराने सुरू होते, पण देवनागरीत ‘य’ने, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. आमदाराला ‘ॲन एम. एल. ए.’ म्हणतात, कारण ‘एम’ आरंभी ‘ए’ आहे. ज्या मुलाला लेखनाची ही एक युक्ती ठाऊक आहे, त्याला या बाबतीत शहरातील इंग्रजी शाळेच्या मुलापेक्षाही खात्रीने लिहिता येते.

उच्चार आणि वर्ण यांचा मेळ नसल्याबद्दल इंग्रजीला नावे ठेवण्याची आपल्याकडे चाल आहे. मराठी त्यातून अगदी मोकळी आहे असे नव्हे. ‘चार’ ही संख्या आणि गुरांचा ‘चारा’ यांतील ‘च’ एकच लिहिला जातो, उच्चार दोन आहेत. आणि पाच वर्षांचे मूलही त्यात चुकत नाही. इंग्रजी ‘सी’चे दोन उच्चार त्याला सांगताना या ‘च’ची आठवण करून द्यावी. व्ही आणि डब्ल्यू या दोन वर्णांना मात्र मराठीत एकच ‘व’ असल्याने मुले स्पेलिंगमध्ये त्यांची अदलाबदल करतात. पहिल्याला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, दुसऱ्याला ओठांचा चंबू होतो. वर्गात एकदा आरशात पाहून उच्चार करून घेतले की पुरे.

न वाचलेला उतारा

अपरिचित उतारा पाहताच अनेक मुले पहिल्या अनोळखी शब्दाशी थबकतात आणि तेथेच धीर सोडतात. त्यांना शिकवायची पहिली गोष्ट ही की, सर्व शब्द येणे आवश्यक नाही. मराठी वाचताना तरी सर्व शब्द कोठे येतात? जुन्या बखरीतील उतारा वाचणारा दहावीचा मुलगा कितीतरी शब्द अंदाजाने ओलांडतो. तीच हिंमत येथे हवी. एखाद्या उताऱ्यात असे आले की, मे महिन्यात गावातील विहिरी कोरड्या पडतात, परंतु डोंगरपायथ्याची ‘पेरेनियल’ झर वाहतच राहते. तर ‘पेरेनियल’चा अर्थ बारमाही असणार हे शब्दकोशाशिवाय कळते. ‘परंतु’ या शब्दाने ते सांगितलेले असते. ‘बट’, ‘दो’, ‘देअरफोर’, ‘इन्स्टेड’ असे जोडणारे शब्द पक्के असले, की वाक्याचा रोख कोणत्या दिशेस वळला ते समजते. शब्दसंग्रह वाढविण्यास निघालेल्या मुलाने कठीण नामांच्या याद्या करण्यापूर्वी हे वीस-पंचवीस जोडशब्द आत्मसात करावेत.

नंतर येते वाचनाची पद्धत. प्रथम उतारा एकदा सलग वाचावा, मग प्रश्न वाचावेत, मग उतारा पुन्हा वाचताना उत्तरांच्या जागी पेन्सिलीने खुणा कराव्यात. काही शिक्षक प्रश्न आधी वाचावयास सांगतात. दोन्ही रीती चालतात. मुलाने दोन्ही करून पाहून आपल्याला सोयीची ती ठरवावी. ‘व्हाय’ असे विचारले असता कारण द्यायचे, ‘हाऊ’ म्हटले असता रीत सांगायची, आणि ‘इन युवर ओन वर्ड्स’ अशी सूचना असता उताऱ्यातील वाक्य जसेच्या तसे उतरवायचे नाही. या शेवटच्या सूचनेकडे दुर्लक्ष करून गुण घालविणारी मुले पुष्कळ असतात.

येथे मराठीचा उपयोग करावा की करू नये, यावर शिक्षकांत मतभेद आहेत. वर्गात इंग्रजीखेरीज शब्द काढू नये असा काहींचा आग्रह असतो. आग्रहामागील हेतू चांगला आहे. परंतु ज्या वर्गात निम्म्या मुलांना उतारा समजलेला नाही तेथे तो आग्रह म्हणजे दार लावून घेऊन पाहुण्याला आत बोलावण्यासारखे आहे. उतारा वाचून त्याचा आशय मुलाने मराठीत किंवा कोकणीत चार वाक्यांत सांगावा. सांगता आला तर तो समजला आहे. मग त्याच चार वाक्यांची इंग्रजी करावी. सारांशलेखनाचा पाया याहून निराळा नाही. एके काळी मराठी मुलुखात पिढ्यान्‌पिढ्या तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घेऊन इंग्रजी शिकल्या, त्या दोन भाषा शेजारी ठेवूनच.

परभाषा शिकण्याची उलट वाटही याच भूमीत चालली गेली आहे. १५७९ साली गोव्यास आलेले फादर थॉमस स्टीफन्स हे मूळचे इंग्लंडचे. येथे आल्यावर त्यांनी येथल्या लोकांची भाषा शिकून घेतली आणि दहा हजारांहून अधिक ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत रचले. ते १६१६ साली छापले गेले. येथील बोलीचे व्याकरणही त्यांनी लिहिले, ते त्यांच्या निधनानंतर १६४० साली राशोल येथे प्रसिद्ध झाले. १५८३ मधील एका पत्रात त्यांनी येथल्या भाषांची घडण ग्रीक व लॅटिनसारखी असल्याचे नमूद केले होते. म्हणजे नवी भाषा शिकताना तेही तिला आपल्याला येणाऱ्या भाषांच्या शेजारी ठेवून पाहत होते.

पत्रे, अर्ज आणि तयार निबंध

पत्रलेखनात मराठी वळण फार लवकर उघडे पडते. आपले पत्र ‘सा. न. वि. वि.’ने सुरू होते आणि ‘कळावे, लोभ असावा’ने संपते. याला इंग्रजीत प्रतिरूप नाही, आणि ते शोधण्याची खटपटही करू नये. इंग्रजी कार्यालयीन पत्र पहिल्या वाक्यातच कामाचे बोलते. गावातील रस्त्यावरचे दिवे बंद आहेत अशी तक्रार सरपंचांकडे करायची असेल, तर कोणत्या वाड्यावरचे, किती दिवे, केव्हापासून आणि त्यामुळे काय अडचण होते, हे चार मुद्दे चार वाक्यांत यावेत. शेवटी काय व्हावे ते एका वाक्यात मागावे. पत्ता, दिनांक, विषय, मायना आणि सही यांच्या जागा ठरलेल्या असल्यामुळे त्यांचे गुण सहज हाती येतात. ‘आय बेग टु स्टेट’ हा जुना वाक्प्रचार अजून विद्यार्थ्यांच्या वह्यांत आढळतो. त्याचा दोष मुलांना देता येणार नाही. सरकारी कचेऱ्यांच्या टिपणांतूनच तो गावोगाव पोहोचला आहे.

वर्गात सरावासाठी खरे अर्ज लिहून घ्यावेत. ग्रामपंचायत, पोस्ट, कदंब परिवहन महामंडळ, वीज खाते यांच्याशी प्रत्येक घराचा संबंध येतो. बस शाळेच्या वेळेला येत नाही, ही गोष्ट ज्याला रोज भोगावी लागते त्याला त्याविषयी लिहिताना शब्दांची उणीव भासते, मुद्द्यांची नव्हे. आणि शब्द पुरविणे शिक्षकाला शक्य असते.

याउलट बाजारातील मार्गदर्शिकांमधून पाठ केलेला निबंध. ‘माझा आवडता मित्र’ असा निबंध पाठ केलेल्या मुलाला ‘माझा शेजारी’ असा विषय आला की तो मित्रालाच शेजारी करतो, आणि परीक्षकाच्या ते ध्यानात येण्यास फार वेळ लागत नाही. पाठ केलेल्या भागातील भाषा आणि स्वतःच्या वाक्यांतील भाषा यांतील अंतरही उघड दिसते. निबंध साधा असावा, वाक्ये लहान असावीत; दहा शब्दांची शुद्ध वाक्ये तीस शब्दांच्या अशुद्ध वाक्यापेक्षा अधिक गुण मिळवितात. मार्गदर्शिका पूर्णपणे टाकून द्याव्यात असे नाही. नमुना म्हणून एकदा वाचाव्यात आणि मिटून ठेवून स्वतः लिहावे.

तपासणीविषयी एक सूचना शिक्षकांसाठी. दुबळ्या विद्यार्थ्याची वही सर्वस्वी तांबडी करून परत दिली तर तो ती पुन्हा उघडत नाही. एका आठवड्यात फक्त भूतकाळाच्या चुका दाखवाव्यात, पुढच्या आठवड्यात उपपदांच्या. बाकीच्या चुका शिक्षकाला दिसल्या नाहीत असे नाही, त्यांची पाळी यायची आहे.

घर, हंगाम आणि शेवटचे महिने

पालकांना इंग्रजी येत नाही म्हणून ते असहाय आहेत, हे म्हणणे बरोबर नाही. मुलाने धडा मोठ्याने वाचावा आणि काय वाचले ते आईला किंवा आजीला आपल्या भाषेत सांगावे. ऐकणारीने ‘मग काय झाले?’, ‘असे का केले त्याने?’ असे विचारावे. उत्तर देताना मूल घोटाळले तर त्याने परिच्छेद पुन्हा वाचावा. यासाठी ऐकणारीला अक्षरओळखही लागत नाही.

गावात मार्च महिन्याच्या सुमारास शिगमोत्सवाचे ढोल वाजू लागतात आणि काजूच्या बागायतींत बोंडू वेचण्याचे काम निघते. परीक्षेचे दिवस बहुधा यांच्याच आगेमागे येतात. दहावीच्या मुलाने शिगम्याला जाऊच नये असे सांगणे कठोरपणाचे होईल आणि ते कोणी ऐकणारही नाही. परंतु त्या दिवसांवर अभ्यासाची भिस्त ठेवू नये. पावसाळ्यात, शाळा सुरू झाल्यापासूनच, रोज अर्धा तास इंग्रजीला द्यावा. चतुर्थीच्या सुट्टीपर्यंत वाचन आणि क्रियापदांची रूपे, दिवाळीपर्यंत पत्रे व उताऱ्यांवरील उत्तरे, आणि त्यापुढे घड्याळ लावून मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका. प्रश्नपत्रिका निवडताना चालू अभ्यासक्रमाची रचना मुख्याध्यापकांकडून समजावून घ्यावी, कारण ती वेळोवेळी बदलते आणि जुन्या रचनेवर केलेला सराव परीक्षेत नडतो.

ज्यांना अक्षरे उलटी दिसतात, वाचताना ओळ सुटते, किंवा लिहिण्याची गती फारच कमी आहे, अशा मुलांना आळशी ठरविण्यापूर्वी त्यांची तपासणी करवून घ्यावी. अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांसाठी मंडळाच्या परीक्षांत सवलती आहेत. त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्रासह शाळेमार्फत अर्ज करावा लागतो. हे काम परीक्षेच्या तोंडावर होत नाही, ते नववीतच हाती घ्यावे.

परीक्षागृहात प्रश्नपत्रिका हाती आल्यावर सर्वांत सोपा वाटणारा भाग आधी सोडवावा, मात्र प्रश्नक्रमांक अचूक घालावेत. शेवटची दहा मिनिटे तपासणीसाठी राखावीत आणि त्या वेळात सर्व काही तपासू नये. फक्त क्रियापदे पाहावीत. प्रत्येक क्रियापदाशी थांबून, कर्ता एकवचनी आहे का, घटना कालची आहे का, आणि ‘डिड’च्या पुढे मूळ रूप आहे का, हे तीन प्रश्न स्वतःस विचारावेत. विरामचिन्हे व वाक्यारंभीची मोठी अक्षरे वेळ उरल्यास मागाहून पाहता येतात.